पावणेदोनशे ग्रॅम हवा

पेणला राहून रोह्याला नोकरी करणाऱ्या माणसाला आपल्याला कंबर आहे हे फार लवकर कळतं. वडखळ नाक्यावर तिची पहिली जाणीव होते, गडबला खात्री पटते आणि नागोठणं येईपर्यंत शरीरात कमरेखेरीज दुसरं काही शिल्लकच राहत नाही. पळस्पे ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या महामार्गाचं चौपदरीकरण २०११ साली सुरू झालं. आमचे चिरंजीव त्या वर्षी पहिलीत गेले. ते आता लोणेऱ्याला इंजिनिअरिंग शिकतात, आणि तेही सिव्हिल. म्हणजे गरज पडलीच तर घरचा माणूस हाताशी असावा. 'गाडीनं का जात नाही?' असं लोक विचारतात. दिवा-रोहा गाडी आहे, चांगली आहे, पण तिच्या वेळेचं आणि माझ्या आंघोळीच्या वेळेचं जमत नाही, आणि यात गाडीचा काही दोष नाही.

तर या कमरेपायी मी रोह्यातल्या एका फिजिओथेरपिस्ट बाईंकडे गेलो. बाई वयानं लहान, पण नजर अशी की आपण ताठ बसतो.

"दिवसभर काय करता?"

"बसतो."

"आणि प्रवासात?"

"जागा मिळाली तर बसतो."

"आता चेंडूवर बसा," बाई म्हणाल्या.

मला वाटलं त्या रागावल्या. पण त्यांनी कोपऱ्यातला एक भलामोठा निळा चेंडू पुढे ओढला. त्यावर बसलं की तो गपगुमान राहत नाही, थोडा इकडे, थोडा तिकडे होतो, आणि आपण पडू नये म्हणून पोटाचे नि पाठीचे स्नायू आतल्या आत सारखे कामाला लागतात. आपल्याला मात्र वाटतं, आपण नुसते बसलोय. व्यायामाची ही व्याख्या मला मनापासून पटली. उंची पाच फूट पाच इंच, म्हणून बाईंनी कागदावर '६५ सेंमी' असं लिहून दिलं. खाली आणखीही काही लिहिलं होतं, ते मी नंतर वाचायचं ठरवलं.

घरी आल्यावर आईला सांगितलं.

"चेंडू? या वयात?"

"व्यायामाचा चेंडू आहे, आई."

"गागोदं आपल्याच तालुक्यातलं. तिथले विनोबा पंचावन्नाव्या वर्षी भूदानाला चालत निघाले आणि देश पालथा घातला. त्यांना लागला होता का चेंडू?"

"त्यांना वडखळ नाका लागला नव्हता."

आईचा आक्षेप अगदीच बिनबुडाचा होता असं नाही. आमच्या घरात व्यायामाच्या साहित्याचा एक इतिहास आहे. जागेवरच चालवायची सायकल आहे. पावसाळ्यात तिच्या हँडलवर दोन टॉवेल आणि सीटवर एक बनियन वाळतं. डंबेल्सची जोडी आहे. त्यातलं एक मागच्या दाराला वाऱ्यासाठी लावतात आणि दुसरं कुठे आहे हे फक्त हिला ठाऊक आहे. योगासनांच्या मॅटवर कडवे वाल वाळत टाकतात, आणि ते सतरंजीपेक्षा मॅटवर लवकर वाळतात असं हिचं मत आहे. एकूण काय, साहित्य वाया गेलेलं नाही. फक्त त्यावर व्यायाम झालेला नाही. आपल्याकडे व्यायामाची ओढ असते ती साहित्य घरात येईपर्यंतच. ऑनलाइन मागवताना मी इतका उत्साही होतो की पैसे भरून झाल्यावर कंबर थोडी बरीसुद्धा वाटली.

पार्सल आलं ते पुठ्ठ्याच्या एवढ्याशा खोक्यात. घरातले सगळे गोळा झाले आणि सगळ्यांचा विरस झाला. आतून घडी घातलेलं राखाडी रबरी कापड निघालं. आईनं हातात घेऊन उलटंसुलटं केलं आणि म्हणाली, "हा रेनकोट आहे. बदलून घे." बरोबर एक हातपंप, पांढरी दोन बुचं, बूच उपसून काढायचं एक चपटं प्लॅस्टिकचं हत्यार आणि सूचनांचा कागद. यातलं हत्यार मी खोक्यातच ठेवलं, कारण ते लगेच लागणार नव्हतं. आमची ही घर स्वच्छ ठेवण्याबद्दल फार जागरूक. मी कागद वाचत असतानाच तिनं खोका घंटागाडीत दिला.

कागदावर मजकूर कमी आणि चित्रं जास्त होती. चित्रात एक माणूस होता. त्याला डोळे नव्हते, नाक नव्हतं, पण हसू होतं. पहिल्या चित्रात तो पंप मारताना हसत होता, दुसऱ्यात चेंडूवर बसून हसत होता, तिसऱ्यात एक पाय हवेत उचलून हसत होता. त्याच्या मागे आई उभी नव्हती, बायको नव्हती आणि शेजारचे काकाही नव्हते, त्यामुळे ते हसू मी समजू शकतो.

खाली इंग्रजीत एक सूचना होती: चेंडू आधी ८० टक्के फुगवा, २४ तास तसाच राहू द्या, रबर सैल पडेल, मग उरलेली हवा भरा. वाचायला साधी वाटते. पण ऐंशी टक्के चेंडू म्हणजे किती, यावर आमच्याकडे जेवणं लांबली.

मी म्हटलं, "पासष्टचे ऐंशी टक्के बावन्न. बावन्न सेंटिमीटरला थांबायचं."

चिरंजीव सुट्टीला आलेले होते. ते तुच्छतेनं हसले. "बाबा, टक्के हवेचे असतात, उंचीचे नाही. बावन्नला थांबलात तर निम्मीच हवा भरली जाईल. ऐंशी टक्के हवा म्हणजे व्यास साठ सेंटिमीटर. घनमूळ काढावं लागतं."

"बसायला घनमूळ लागतं?" आईनं विचारलं.

"पूर्ण चेंडूत १४४ लिटर हवा मावते, आजी."

हा आकडा ऐकून घरात शांतता पसरली. आमची स्वयंपाकघरातली पाण्याची टाकीसुद्धा एवढी मोठी नाही. शेवटी हिनं निकाल दिला. "तुम्ही दमलात की ऐंशी टक्के झालं असं धरा."

हे माप आंतरराष्ट्रीय व्हायला हरकत नाही. पण त्यानं चालायचं तर पहिल्याच मिनिटाला ऐंशी टक्के झालं असतं. पंप दोन्ही बाजूंनी हवा भरतो असं कागदावर लिहिलेलं. आमचा पंप दाबताना हवा भरायचा आणि ओढताना बहुधा तीच परत घ्यायचा. मी पायात पंप धरून वाकलो. कमरेनं निषेध नोंदवला, पण कमरेच्याच भल्यासाठी चाललंय म्हटल्यावर तिचं ऐकायचं कशाला? एका दाबात अर्धा लिटर हवा गेली असं धरलं तर जवळपास तीनशे दाब, असं चिरंजीवांनी सोफ्यावर आडवं पडून सांगितलं. ते हिशेब करतात तेव्हा आडवेच असतात.

पंप मारताना माणसाला एकांत हवा. आमच्या हॉलमध्ये तेव्हा आई, ही, चिरंजीव, धुणं घेऊन आलेल्या मावशी आणि पेपर परत करायला आलेले शेजारचे काका असे सगळे हजर होते. प्रत्येकाकडे एक सूचना होती. 'गुडघ्यात वाका.' 'श्वास सोडताना दाबा.' 'उलटा धरलाय का पंप?' काका म्हणाले, "आमच्या वेळी तोंडानं फुगवायचो." त्यांच्या वेळी त्यांनी नक्की काय फुगवलं होतं हे विचारायचं राहून गेलं. मध्येच नळी भोकातून निसटायची आणि आतली हवा असा काही आवाज करत बाहेर पडायची की आई दर वेळी माझ्याकडे बघून पदर नाकाला लावायची.

खरी कसोटी शेवटच्या क्षणाची असते. नळी काढायची, भोकावर अंगठा ठेवायचा, अंगठा उचलून त्याच क्षणी बूच आत घालायचं. यासाठी दोन हात पुरत नाहीत आणि चार हात लावले तर चौघं एकमेकांचा अंगठा दाबून धरतात. पहिलं बूच निसटलं, टणाटण उड्या मारत कपाटाखाली गेलं आणि तिथेच राहिलं. दुसरं मी भोकात जेमतेम बसवलं. या गडबडीत किती हवा निघून गेली देव जाणे, पण मी दमलो होतो, म्हणजे ऐंशी टक्के झालं होतं.

मग चोवीस तास. त्या चोवीस तासांत मला समाजाबद्दल खूप काही समजलं. हॉलमध्ये एक फुगलेली वस्तू ठेवली की तिला दाबून पाहिल्याशिवाय मराठी माणूस पुढे सरकत नाही. दूधवाला, गॅसवाला, पावतीपुस्तक घेऊन आलेले मंडळाचे कार्यकर्ते, सगळ्यांनी अंगठ्यानं चेंडू दाबला, मान हलवली आणि मत दिलं. 'कमी आहे.' 'अजून घेईल.' 'बास झाली, नाहीतर फुटेल.' एकानंही चेंडू कशासाठी आहे हे विचारलं नाही. मी कमरेबद्दल सांगू लागलो की ते चपला घालायला लागायचे.

दुसऱ्या दिवशी उरलेली हवा भरायला बूच काढलं आणि पंपाचा दांडा हातात आला. आतला वायसर गेला होता. हवा ओसरायच्या आत काहीतरी करायचं म्हणून मी भोकावर अंगठा ठेवून चेंडू काखेत मारला आणि सायकलच्या दुकानात गेलो. दुकानदारानं चारी बाजूंनी पाहिलं आणि विचारलं, "याला व्हॉल्व कुठाय?"

"व्हॉल्व नसतो. भोक असतं."

"मग याला टायर म्हणत नाहीत," असं म्हणून तो पुढच्या पंक्चरला लागला.

तेवढ्यात काका मदतीला धावले. काकांचा गणपतीचा कारखाना आहे. हे सांगायची खरं तर गरज नाही. पेणमध्ये ज्याच्या ओळखीत एकही कारखाना नाही असा माणूस मिळायचा नाही. हमरापूर, जोहे आणि पेण शहर मिळून मुंबई-पुण्यापासून थेट परदेशापर्यंत गणपती पाठवतात, आणि पेणच्या गणपतीला भौगोलिक मानांकनही आहे. "आपल्याकडे कॉम्प्रेसर आहे," काका म्हणाले. "रंगाचा. गन काढली की नुसती हवा. दोन मिनिटांत तुमचा चेंडू टम्म."

आषाढ संपत आलेला. कारखान्यात पाऊल ठेवायला जागा नव्हती. फळ्यांवर रांगेनं गणपती, खाली रांगेनं गणपती, बाहेर पाऊस, वर प्लॅस्टिक, आणि मधल्या बोळातून अंग चोरत मी. एका बाजूला डोळ्यांची आखणी चालली होती. पेणच्या गणपतीचं सगळं नाव त्या आखणीवर, त्यामुळे ब्रश धरलेल्या माणसाच्या आसपास कुणी शिंकतसुद्धा नाही. दुसऱ्या बाजूला स्प्रेगननं पितांबरं पिवळी होत होती. काकांनी गन काढली, नळीचं तोंड चेंडूच्या भोकाला लावलं आणि खटका दाबला.

काकांचा कॉम्प्रेसर हा काही हळूहळू विचार करणारा माणूस नव्हे. चेंडू क्षणात फुगला, नळीच्या तोंडातून सुटला आणि फुस्स आवाज करत थेट दीड फुटी मूर्तींच्या रांगेकडे निघाला. कारखान्यात एकाच वेळी इतक्या तोंडांतून 'मोरया' मी कधी ऐकलं नव्हतं. आखणी करणाऱ्यानं ब्रश वर उचलला पण जागा सोडली नाही. त्याला आधी त्या डोळ्याची काळजी होती. एका पोरानं पाय आडवा घातला. चेंडू त्याच्या पोटरीवर आपटून वळला, पिवळ्या रंगाच्या डब्याला घासला आणि माझ्या पायाशी येऊन गप्प झाला.

एका कारागिरानं वाकून तो पाहिला. "पोट झकास आलंय, साहेब," तो म्हणाला. "पण सोंडेला जागा ठेवा."

"बाहेर," काका म्हणाले. "आधी बाहेर. चेंडूपण आणि तुम्हीपण."

त्या दिवसापासून चेंडूच्या अंगावर पितांबराचा पिवळा पट्टा आहे. तो निघत नाही. रंग चांगला वापरतात.

आता माझी जिद्द पेटली होती. कंबर मागे पडली, व्यायाम तर केव्हाच मागे पडला होता, आता प्रश्न हवेचा होता. हिचं माहेर कोलाडचं. मेव्हणा कुंडलिकेवरच्या राफ्टिंगमध्ये कामाला आहे. भिऱ्याच्या वीज केंद्रातून सकाळी पाणी सोडतात, कुंडलिकेला जोर येतो आणि मुंबईची माणसं लाइफ जॅकेट घालून किंचाळत खाली जातात. ते ज्यात बसतात ते राफ्ट रोज फुगवणं हे मेव्हण्याचं काम. फोनवर तो पोट धरून हसला.

"भावोजी, मी आठ माणसांचा राफ्ट फुगवतो. तुमचा चेंडू म्हणजे काय! घेऊन या रविवारी."

रविवारी चेंडूची घडी पिशवीत घालून मी आणि ही कोलाडला गेलो. मेव्हण्यानं राफ्टचा पंप आणला, त्याच्या रुंद तोंडाला कुठल्याशा नळीचा तुकडा जोडला, वर चिकटपट्टी गुंडाळली आणि चहा व्हायच्या आत चेंडू उभा केला. पासष्ट सेंटिमीटरची, टक्क्यांची, घनमुळाची भानगड नाही. अंगठा दाबला, 'झाला' म्हणाला आणि बूच घालून वरून मुठीचा असा दणका दिला की ते आत बसलं ते चेंडूच्या अंगात मिसळून गेलं. नखसुद्धा शिरायला फट उरली नाही. सासूबाईंनी कौतुकानं लेकाच्या पाठीवर हात फिरवला. गल्लीतली माणसं येऊन त्याला शाबासकी देऊन गेली. चेंडू माझा, कंबर माझी, पण यश मेव्हण्याचं. पण असंच चालत आलंय. हा चेंडू १९६३ साली पहिल्यांदा केला तो अक्विलिनो कोसानी नावाच्या इटालियन प्लॅस्टिक कारखानदारानं. लहान बाळांच्या उपचारांसाठी तो वापरला मेरी क्विंटन या ब्रिटिश बाईंनी. त्या स्वित्झर्लंडमध्ये काम करत होत्या, अमेरिकेतल्या फिजिओथेरपिस्टांनी तो तिथे पाहिला आणि जगभर नाव झालं 'स्विस बॉल'. कोसानींच्या घरी काय बोलणं झालं असेल, मी समजू शकतो.

पोटभर जेवून, निरोप घेऊन, पायात चपला घालताना माझ्या लक्षात आलं की चेंडू पेणला न्यायचाय. इतक्या माणसांनी चेंडू दाबून पाहिला, पण हा विचार एकालाही शिवला नव्हता.

"हवा काढू," मी म्हटलं.

मेव्हण्यानं बोटानं प्रयत्न केला. मग चमच्यानं. मग सासूबाईंनी सांडशी दिली. सांडशीला भोक सापडलं नाही. स्क्रू ड्रायव्हर आणला तेव्हा मीच ओरडलो. चेंडू फुटला तरी चालला असता, पण इतक्या लोकांची मेहनत होती. घंटागाडीत गेलेल्या त्या चपट्या हत्याराची मला तेव्हा पहिल्यांदा आठवण झाली. मी हिच्याकडे पाहिलं. ती आकाशाकडे पाहून म्हणाली, "पाऊस येईलसं वाटतंय, निघू या."

कोलाडहून रोह्याला मिनिडोरनं निघालो. चेंडू मागच्या सीटवर चढला आणि मी उभा राहिलो, तर चालक म्हणाला, "एक सीट जास्त होईल."

"अहो, आत नुसती हवा आहे. पावणेदोनशे ग्रॅम." हा हिशेब चिरंजीवांचा: लिटरला सव्वा ग्रॅमच्या आसपास, १४४ लिटर. पोह्याच्या पापडाचं पाकीट याहून जड असतं.

"वजनाचं घेत नाही साहेब, जागेचं घेतो."

यावर उत्तर नव्हतं. चेंडूनं रोह्यापर्यंत खिडकीशी बसून प्रवास केला. मी आणि ही, एका बाईंची भाजीची पिशवी मांडीवर घेऊन, समोर.

पुढे गाडी. रोह्याला कोकण रेल्वे सुरू होते म्हणतात. आम्हाला उलट्या दिशेला, पेणकडे जायचं होतं, त्यामुळे गर्दीत आम्ही आणि चेंडू लोकांच्या प्रवाहाविरुद्ध. डब्यात चढल्यावर मंडळींनी सरकून जागा दिली आणि मग मोबदला म्हणून चौकशी सुरू केली. निडीला गाडी येईपर्यंत सगळ्या डब्याला माझी कंबर ठाऊक झाली होती. एका आजोबांनी निरगुडीचा पाला शेकायला सांगितला. नागोठण्याला चढलेल्या गृहस्थांनी मणक्याच्या एका वैद्याचा पत्ता दिला, जो माणसाला उलटा टांगतो. 'टांगल्यावर बरं वाटतं?' असं मी विचारलं. 'उतरवल्यावर वाटतं,' ते म्हणाले. कासूला एक चारेक वर्षांचा मुलगा चढला, त्यानं चेंडूकडे पाहिलं, कुणाला न विचारता वर चढून बसला आणि पेण येईपर्यंत ताठ कण्यानं डुलत राहिला. माझ्या माहितीत त्या चेंडूचा योग्य उपयोग केलेला तो पहिलाच माणूस.

घरी आल्यावर माप घ्यायचं ठरलं. शिंप्याची टेप दीड मीटरची, चेंडूचा घेर दोन मीटरच्या वर. शेजारून दुसरी टेप आणून दोन्ही पिनेनं जोडल्या. पासष्टच्या चेंडूचा घेर २०४ सेंटिमीटर यायला हवा. मेव्हण्याचा आला २१५. चिरंजीवांनी बघून सांगितलं, "मामानं अडुसष्ट सेंटिमीटरचा केलाय." मी जपून बसलो. पाय जमिनीला पुरेनात. चित्रातल्या माणसाचे गुडघे काटकोनात होते, माझे कुठेच नव्हते. चेंडू पुढे सरकला, मी मागे सरकलो आणि आमच्या दोघांमध्ये जी जागा झाली तिथे फरशी होती.

सोमवारी रोह्याला उतरल्याबरोबर बाईंकडे गेलो. फोनवर चेंडूचा फोटो दाखवला. त्यांनी पिवळ्या पट्ट्याबद्दल विचारलं नाही, चांगल्या घरच्या असाव्यात.

"हवा कोणी भरली?"

"सुरुवातीला मीच."

"वाकून?"

"वाकल्याशिवाय पंप चालत नाही."

"मी कागदावर लिहिलं होतं," बाई म्हणाल्या. "वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही, हवा दुसऱ्याकडून भरून घ्यायची. वाचलं नाहीत?" मग त्यांनी पाठीत तीन ठिकाणी बोट दाबलं आणि तिन्ही ठिकाणी मी खरं उत्तर दिलं. "पंधरा दिवस चेंडूला हात लावायचा नाही."

"मग बसू कशावर?"

"खुर्चीवर. ताठ."

तेव्हापासून मी खुर्चीवर बसतो आणि चेंडू हॉलमध्ये असतो. हॉलमध्ये असतो म्हणजे हॉलभर असतो. पंखा लावला की तो हळूच निघतो, टीव्हीसमोर येऊन थांबतो, दार उघडलं की बाहेर डोकावतो. रात्री पाणी प्यायला उठलेल्या माणसाला तो नेमका दाराच्या तोंडाशी भेटतो. माळ्यावर जात नाही, पलंगाखाली जात नाही, सायकलवर ठेवला तर टॉवेल खाली पडतात. ज्या आईला विनोबा आठवले होते, ती आता संध्याकाळी मालिका बघताना त्यावर दोन्ही पाय ठेवून बसते. पोटऱ्यांना आराम पडतो म्हणते. आल्यागेल्याला सांगते, "आमच्या मुलानं माझ्यासाठी आणला, मेव्हण्यानं फुगवून दिला." मी खुर्चीवर ताठ बसून ऐकतो.

खरी अडचण आता पुढे आहे. काकांच्या कारखान्यातून आमचा गणपती यायचा आहे, चौरंग, मखर आणि आरतीची माणसं मावायची तर हॉलमधून दोघांपैकी एकाला बाहेर जावं लागेल, आणि गणपतीला सांगता येत नाही. तेव्हा पेण, वडखळ, नागोठणे, रोहा या टापूत कुणाच्या घरी असा चेंडू असेल आणि त्याचं बूच काढायचं ते चपटं पांढरं हत्यार अजून शाबूत असेल, तर कृपा करून चतुर्थीच्या आत दोन दिवसांसाठी द्यावं. आमची ही घरात नसताना आणून द्यावं, म्हणजे ते घंटागाडीत जाणार नाही.